अचूक भोकासाठी बेंच ड्रिल कसे लावून घ्यावे

माझ्या पहिल्या बेंच ड्रिलवर मी चार भोकांची एक साधी फिक्स्चर प्लेट (काम पक्के धरून ठेवणारी पाटी) पाच वेळा केली आणि पाचही वेळा तिचा चौथा बोल्ट खालच्या प्लेटमध्ये गेला नाही. मार्किंग बरोबर होते, पंच रेघांच्या छेदावरच पडला होता, वरच्या बाजूने मोजली तर भोकांमधली अंतरेही जुळत होती. मी आधी ड्रिल, म्हणजे भोक पाडणारे हत्यार, बदलले, मग महागातले ड्रिल आणले, मग ते पकडणारा चक बदलला. शेवटी एका जुन्या फिटरने चकमध्ये वाकवलेली तार धरली आणि स्पिंडल (चक फिरवणारा उभा दांडा) हाताने फिरवून ती टेबलावरून गोल फिरवून दाखवली. डाव्या अंगाला तार टेबलाला घासत होती आणि उजव्या अंगाला तिच्याखालून एक मिलिमीटर जाडीचा पत्रा आरामात सरकत होता. टेबल कलते होते. त्यातून ४० मिमी जाडीची ती प्लेट मोठी असल्यामुळे मी दोन भोके पाडून ती टेबलावरच अर्धा फेरा फिरवायचो आणि उरलेली दोन पाडायचो. त्यामुळे दोन भोके एका दिशेला आणि दोन विरुद्ध दिशेला तिरपी जात होती. वरच्या तोंडाशी सगळे बरोबर दिसे आणि खालच्या तोंडाशी भोके एकमेकांपासून सरकलेली असत.

त्या दिवसापासून मी मशीन तपासण्याचा एक क्रम ठरवून घेतला: आधी पाया, मग स्पिंडल आणि चक, मग टेबल, मग ड्रिलची धार, आणि सर्वांत शेवटी जॉब, म्हणजे ज्यात भोक पाडायचे तो तुकडा. या क्रमाला कारण आहे. चक हेलकावे खात असेल तर टेबलावर लावलेल्या मापावर विश्वास ठेवता येत नाही, आणि टेबल कलते असेल तर उत्तम धारेच्या ड्रिलचाही उपयोग होत नाही. वरची चूक खालच्या चुकीला झाकते, म्हणून खालचे पक्के झाल्याशिवाय वरच्याला हात लावू नये.

हा लेख गोल कॉलमचे, बेल्टवर चालणारे, १३ मिमी चकचे आणि कलते करता येणाऱ्या टेबलाचे साधे बेंच ड्रिल डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण नवीन माणूस बहुधा तेच घेतो. अपेक्षाही आधीच ठरवून घ्याव्यात. हाताने मार्किंग करून आणि पंच मारून पाडलेल्या भोकाची जागा ०.१ ते ०.२ मिमीच्या आत आली तर ते चांगले काम समजावे. ०.०२ मिमीची मागणी असेल तर ते काम मिलिंग मशीनचे किंवा जिग बोअरिंगचे आहे आणि बेंच ड्रिलवर त्यासाठी जीव काढण्यात अर्थ नाही.

आधी जमवायचे सामान

- ०.०१ मिमीचा डायल (काट्याने बारीक फरक दाखवणारे मापक) आणि चुंबकी स्टँड. डायल नसेल तर फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) आणि वाकवलेली तार एवढ्यावरही बरेच काम निभते.
- चांगला गुण्या, व्हर्नियर, आणि कडक व घासून घेतलेली १० मिमीची डॉवेल पिन (अचूक मापाची गोल पिन), शक्यतो दोन.
- डॉट पंच, सेंटर पंच, स्क्रायबर, हलकी हातोडी, भिंग.
- ड्रिल व्हाइस, पॅरलल (सारख्या उंचीच्या) पट्ट्यांची जोडी, टी-बोल्ट आणि क्लॅम्प. हे स्वस्तातले घेऊ नयेत. माझ्या मते मशीनवर दोन हजार कमी खर्च करून ते व्हाइसवर घालावेत.
- पितळी शिम किंवा ०.०५ ते ०.५ मिमी जाडीचे पातळ पत्रे.
- सेंटर ड्रिलची (भोक सुरू करायच्या आखूड ड्रिलची) एक-दोन मापे, कटिंग ऑइल, चिप झाडायला ब्रश आणि डोळ्यांसाठी गॉगल.

कागदपत्रांपैकी मशीनची पुस्तिका आणि वेगाचा तक्ता एवढेच लागते. नवीन मशीन घेत असाल तर त्याबरोबर तपासणी पत्रक मागून घ्यावे. त्यात स्पिंडलचा हेलकावा आणि टेबलाचा काटकोन यांचे आकडे लिहिलेले असतात आणि पुढे तुम्ही स्वतः घेतलेल्या मापांशी ते ताडून पाहता येतात. जुन्या बाजारातून घेतलेल्या मशीनबरोबर असे काही मिळत नाही, म्हणून त्याचे सगळे आकडे स्वतः काढून वहीत लिहावेत.

१. मशीन पक्के बसवणे

मशीन बाकावर नुसते ठेवून चालवू नये. मशीनचे वजन वरच्या अंगाला जास्त असते आणि मोठे ड्रिल अडकले की सगळे मशीन पुढे झुकते. बेसच्या भोकांतून बोल्ट घालून ते जाड लाकडी किंवा लोखंडी बाकाला आवळावे. आवळण्यापूर्वी बेस चारही कोपऱ्यांवर टेकतो का ते पाहावे. एक कोपरा अधांतरी असेल आणि तो तसाच बोल्टने ओढून घेतला तर बिडाचा बेस पिळवटतो आणि कॉलम किंचित कलतो. अशा कोपऱ्याखाली आधी शिम घालावी आणि मगच बोल्ट आवळावा.

नवीन मशीनच्या कॉलमला गंज लागू नये म्हणून चिकट ग्रीस फासलेले असते. ते रॉकेलच्या फडक्याने पुसून काढावे आणि हलके तेल लावावे. कॉलम बेसमध्ये ज्या फ्लँजने बसतो तिचे बोल्टही एकदा पान्याने तपासावेत. माझ्या मशीनचे त्यातले दोन हाताने फिरत होते. अर्थिंग नीट असल्याची खात्री झाल्याशिवाय मशीन सुरू करू नये, आणि पुढची सर्व मापे प्लग काढूनच घ्यावीत.

२. बेल्ट, पुली आणि वेग

वरचे झाकण उघडले की पायऱ्यांच्या दोन पुल्या दिसतात. मोटरकडची पुली लहान आणि स्पिंडलकडची मोठी असली की वेग कमी, आणि उलट असली की वेग जास्त. बेल्ट दोन्हीकडे एकाच उंचीच्या पायरीवर असावा. तिरपा बसवलेला बेल्ट थरथर निर्माण करतो आणि ती थेट भोकाच्या आतल्या पृष्ठावर उमटते. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण १० मिमी आत जावा. गिटारच्या तारेसारखा ताणलेला बेल्ट स्पिंडलच्या बेअरिंगना एका बाजूला ओढत राहतो.

वेग किती ठेवायचा यासाठी एक सूत्र पाठ करून ठेवावे: मिनिटाचे फेरे = ३१८ × कटिंग स्पीड ÷ ड्रिलचा व्यास. यात कटिंग स्पीड मिनिटाला मीटरमध्ये आणि व्यास मिलिमीटरमध्ये धरायचा. हायस्पीड स्टीलच्या ड्रिलसाठी माइल्ड स्टीलला २५, बिडाला २०, पितळेला ४५, अॅल्युमिनियमला ६० आणि स्टेनलेसला १२ एवढे आकडे सुरुवातीला पुरतात. म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये ३ मिमी ड्रिलला सुमारे २६५०, ६ मिमीला १३२५ आणि १० मिमीला ७९५ फेरे येतात. स्टेनलेसमध्ये १० मिमीला हाच आकडा ३८० च्या आसपास उतरतो आणि कित्येक बेंच ड्रिल्सचा सर्वांत कमी वेगही त्याहून जास्त असतो. तुमच्या पुल्यांवर मिळणारा त्याखालचा जवळचा वेग घ्यावा, वरचा घेऊ नये.

नवीन माणसाची नेहमीची चूक म्हणजे बेल्ट बदलण्याचा कंटाळा. एकाच मधल्या वेगावर ३ मिमीपासून १२ मिमीपर्यंत सगळे पाडले जाते, त्यात लहान ड्रिल मोडते आणि मोठ्या ड्रिलची धार निळी पडते. निळे पडलेले टोक फक्त तापलेले नसते, तिथली धार गेलेली असते. ते घासून काढल्याशिवाय ड्रिल पुन्हा वापरू नये.

३. स्पिंडल आणि चक

आधी क्विल (हँडलने स्पिंडलसह खाली-वर होणारी नळी) सुमारे ५० मिमी खाली आणून तिथे लॉक न करता धरावी आणि चक हाताने पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे ढकलून पाहावा. टक्-टक् असा ढिलेपणा लागला तर क्विल तिच्या घरात सैल आहे. बऱ्याच मशीनच्या डोक्याच्या बाजूला यासाठी एक सेट स्क्रू आणि त्यावर चेकनट असतो. नट सैल करून स्क्रू हळूहळू आवळावा. हँडल सोडल्यावर क्विल स्प्रिंगने आपोआप वर जायलाच हवी. ती अडकू लागली की स्क्रू पाव फेरा मागे घ्यावा. ढिलेपणा बेअरिंगमध्येच असेल तर मात्र हा इलाज नाही, बेअरिंग बदलावे लागते.

यानंतर चक. बहुतेक बेंच ड्रिलमध्ये चक एका टेपरवर, म्हणजे निमुळत्या भागावर, नुसता घट्ट दाबून बसलेला असतो, आणि टेपरवर तेलाचा थर, धूळ किंवा बारीक चिप राहिली की तो तिरका बसतो. टेपरचे दोन्ही भाग कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसावेत आणि पृष्ठावर बोट फिरवून खरवड लागते का ते पाहावे. चकचे जबडे पूर्ण आत घ्यावेत, कारण ते बाहेर असताना मारले तर घाव जबड्यांवर बसतो. मग खालून लाकडी ठोकळा लावून लाकडी हातोड्याचा एकच ठाम ठोसा द्यावा. लोखंडी हातोडा चकला कधीही लावू नये. आर्बर (चक आणि स्पिंडल जोडणारा दांडा) मोर्स टेपरचा, म्हणजे ठरावीक निमुळतेपणाचा, असेल तर तो स्पिंडलच्या खाचेत ड्रिफ्ट (चपटी पाचर) घालूनच काढावा. स्क्रू ड्रायव्हर खुपसून काढलेले आर्बर मी पाहिले आहेत आणि त्यांच्यावरची खरवड त्यांच्या जन्माला पुरते.

आता चकमध्ये डॉवेल पिन धरून तिला डायल लावावा. यासाठी ड्रिलची दांडी वापरू नये, कारण ती मऊ असते, चकच्या जबड्यांनी चरे पडलेली असते आणि मुळात फार सरळही नसते. चकची चावी तिन्ही भोकांत फिरवून आवळावी. एकाच भोकातून आवळले तर जबडे किंचित तिरके बसतात आणि हा फरक डायलवर स्पष्ट दिसतो. स्पिंडल हाताने एक पूर्ण फेरा फिरवून काटा किती हलतो ते पाहावे. पिनवर चकच्या जबड्यांजवळ ०.०५ मिमीच्या आत हेलकावा असेल तर मशीन चांगले आहे, ०.१ पर्यंत चालवून घेता येते आणि त्यापुढे गेला तर कारण शोधावे. शोधण्याची रीत सोपी आहे: चक काढून त्याच टेपरवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावा आणि पुन्हा मोजावे. काट्याचे जास्तीत जास्तीचे ठिकाण चकबरोबर फिरले तर दोष चकमध्ये, जागचे हलले नाही तर दोष स्पिंडलमध्ये. यासाठी दोन्हींवर मार्करने खूण करून ठेवावी. कधीकधी दोन्ही दोष एकमेकांना काटतील अशी जागा सापडते आणि हेलकावा निम्म्यावर येतो. मी असा चक दोन वर्षे त्याच खुणेवर वापरला.

४. टेबल स्पिंडलशी काटकोनात आणणे

सर्व टप्प्यांमध्ये इथे घालवलेला वेळ सर्वाधिक कामी येतो. चकमध्ये सुमारे १०० मिमी बाहेर येणारा हात बसवून त्याच्या टोकाला डायल लावावा. डायल नसेल तर जाड तार इंग्रजी झेड अक्षरासारखी वाकवून घ्यावी आणि तिच्या टोकाखालची फट फिलर गेजने मोजावी. टेबल ज्या उंचीवर नेहमी काम करणार त्या उंचीला आणून कॉलमचा लॉक आणि टेबलाचा लॉक दोन्ही कामाच्या वेळी आवळता तेवढेच आवळावेत. लॉक आवळताना टेबल हलते, म्हणून सैल ठेवून घेतलेले माप निरुपयोगी असते. टेबलावरच्या खाचा आणि जुन्या ड्रिलने पडलेले खड्डे चुकवून चार ठिकाणी काटा वाचावा: डावे, उजवे, पुढे, मागे.

हिशोब असा. हात १०० मिमीचा असेल तर तो २०० मिमी व्यासाचे वर्तुळ फिरतो. डाव्या-उजव्या आकड्यांत ०.२ मिमी फरक आला तर कल हजारात एक एवढा झाला, म्हणजे ५० मिमी जाड जॉबमध्ये भोक खालच्या तोंडाशी ०.०५ मिमी सरकेल. माझ्या टेबलाचा फरक १ मिमी होता, म्हणजे दोनशेत एक. ४० मिमीच्या प्लेटमध्ये प्रत्येक भोक ०.२ मिमी तिरके जात होते आणि प्लेट अर्धा फेरा फिरवल्यामुळे समोरासमोरच्या भोकांत ०.४ मिमीची तफावत पडत होती. बोल्ट अडला त्यात नवल नव्हते.

डावा-उजवा कल सुधारणे सोपे असते, कारण टेबल त्याच दिशेने कलते करता येते. खालचा मोठा बोल्ट किंचित सैल करावा, टेबल लाकडी हातोड्याने टिचक्यांनी हलवावे, बोल्ट आवळावा आणि पुन्हा मोजावे. टेबलाखाली अंशांची पट्टी असते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. ती दुरून पाहायला आहे. काही मशीनमध्ये शून्य अंशावर बसणारी एक पिन असते आणि ती घातली की टेबल आपोआप बरोबर होते असे सांगितले जाते. माझ्या मशीनची चूक नेमकी त्या पिनमुळेच होती. डायलने लावल्यावर ती पिन मी काढून ठेवली.

पुढे-मागचा कल हा खरा अवघड भाग आहे, कारण त्याला कोणताही स्क्रू दिलेला नसतो. टेबल कॉलमपासून पुढे आलेल्या एका हातावर टेकलेले असते आणि बहुधा पुढची कड थोडी खाली असते. टेबल आणि हाताच्या सांध्यात शिम घालणारे लोक आहेत, पण टेबल फिरवले किंवा उचलले की ती शिम सरकते. मी टेबलावर २० मिमी जाडीची, ग्राइंड केलेली सपाट प्लेट कायमची बोल्टने बसवली आणि तिच्या पुढच्या कडेखाली लागेल तेवढी शिम घातली. शिम बोल्टच्या अगदी शेजारी असावी, नाहीतर बोल्ट आवळताना प्लेटच वाकते. या प्लेटमध्ये मी स्वतःच्या सोयीने टॅप केलेली (आटे पाडलेली) भोकेही पाडून घेतली आणि क्लॅम्पिंगचा निम्मा त्रास संपला.

इतके झाल्यावरही एक तपासणी राहते आणि ती बहुतेक जण करत नाहीत. डायलने आपण रिकाम्या टेबलाचा कल मोजतो, पण भोक पाडताना टेबलावर दाब असतो. चुंबकी स्टँड मशीनच्या बेसवर ठेवून डायलचा काटा टेबलाच्या पुढच्या कडेला खालून लावावा, चक आणि टेबल यांच्यामध्ये लाकडी ठोकळा ठेवावा आणि १० मिमी ड्रिलला देता तेवढ्या जोराने हँडल दाबावे. हलक्या मशीनमध्ये कड ०.२-०.३ मिमी खाली गेलेली दिसते आणि दाब सोडल्यावर पुन्हा वर येते. यावर दोन उपाय आहेत. पहिला, मोठे भोक एकदम न पाडता आधी लहान पाडून दाब कमी करणे. दुसरा, टेबलाच्या पुढच्या कडेखाली बेसवर स्क्रू जॅक उभा करून तो हाताने टेकेल इतकाच वर घेणे. जॅक जोराने चढवला तर टेबल उलट्या दिशेने कलते, म्हणून तो लावतानाही डायलवर लक्ष ठेवावे.

सर्वांत शेवटी क्विलचा प्रवास पाहावा. टेबलावर गुण्या उभा करून त्याच्या उभ्या पात्याला चकमधल्या डायलचा काटा टेकवावा आणि क्विल पूर्ण खाली-वर करावी. स्पिंडल मात्र फिरू देऊ नये. ५० मिमीच्या प्रवासात काटा ०.०५ पेक्षा जास्त हलला नाही तर समाधान मानावे. गुण्या ९० अंश फिरवून दुसऱ्या दिशेनेही हीच तपासणी करावी.

५. ड्रिलची धार

१८६३ साली अमेरिकेत स्टीफन मोर्स यांनी ट्विस्ट ड्रिलचे पेटंट घेतले आणि त्याची एक खोड अजूनही तशीच आहे: टोकाच्या मधोमध दोन धारांना जोडणारी जी बोथट आडवी कड असते, ती धातू कापत नाही, बाजूला रेटते. पंचच्या खड्ड्यापेक्षा ही कड रुंद असली की ड्रिल टोकावर नाचते आणि हवे तिथे सुरू होत नाही. म्हणूनच सेंटर ड्रिल किंवा लहान ड्रिल आधी लावायचे असते.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन धारांची बरोबरी. साध्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो आणि दोन्ही धारा लांबीने व कोनाने सारख्या हव्यात. हातावर घासलेल्या ड्रिलची एक धार किंचित लांब असली तरी भोक ड्रिलपेक्षा मोठे होते. कोन मोजणारा गेज घ्यावाच, पण खरी परीक्षा माइल्ड स्टीलच्या तुकड्यात एक भोक पाडून होते: दोन्ही खाचांतून सारख्या जाडीच्या, गुंडाळलेल्या दोन चिप वर आल्या तर धार बरोबर आहे. एकाच बाजूने चिप येत असेल तर दुसरी धार नुसती फिरते आहे.

पितळेसाठी एक वेगळी सूचना. साधे ड्रिल पितळेत स्वतःला आत ओढून घेते आणि जॉब हिसकावते. धारेच्या पुढच्या बाजूवर तेलाच्या दगडाचे दोन-चार हलके हात देऊन तिचा उतार मोडला की ते थांबते. असे ड्रिल वेगळ्या डब्यात ठेवावे, स्टीलला ते लावू नये.

६. मार्किंग आणि पंच

स्टीलच्या स्वच्छ पृष्ठावर मोरचूदाचे पाणी लावले की तांब्याचा पातळ लालसर थर बसतो आणि त्यावर स्क्रायबरची रेघ उठून दिसते. तेलाचा हात लागलेला असेल तर थर बसत नाही, म्हणून आधी पृष्ठ घासून घ्यावे. रेघ एकदाच ओढावी. दुसऱ्यांदा ओढलेली रेघ पहिलीच्या शेजारी पडते आणि मग नेमका छेद कोणता हे कळत नाही.

छेदावर आधी सुमारे ६० अंशाच्या टोकाचा डॉट पंच हलकेच मारावा. त्याचे टोक रेघेच्या खाचेतून सरकवत नेले की दोन रेघा मिळतात तिथे ते अडल्याचे बोटाला कळते. भिंगाखाली पाहावे. खड्डा सरकला असेल तर पंच तिरका धरून तो ओढून आणता येतो. जागा पटली की ९० अंशाच्या सेंटर पंचने तो खोल करावा. घाई केलेल्या पंचची भरपाई पुढे कुठेच होत नाही.

७. जॉब धरणे

व्हाइसच्या तळाला, पॅरलल पट्ट्यांना आणि टेबलाला एकही चिप चिकटलेली नसावी. जॉब पट्ट्यांवर ठेवून व्हाइस आवळला की हलता जबडा जॉबला थोडा उचलतो. लाकडी हातोड्याने तो खाली बसवावा आणि दोन्ही पट्ट्या बोटाने हलवून पाहाव्यात. एक जरी हलली तर जॉब टेकलेला नाही. पट्ट्या भोकाच्या मार्गात येणार नाहीत एवढे आधी पाहून घ्यावे, कारण पट्टीत पडलेले अर्धे भोक फार लाजिरवाणे असते.

क्लॅम्प लावताना बोल्ट जॉबच्या जवळ आणि टेकू लांब असावा, आणि टेकूची उंची जॉबपेक्षा किंचित जास्त. उलट झाले तर सगळा जोर टेकूवर जातो. पातळ पत्रा कधीही हाताने धरू नये. ड्रिल खालून बाहेर पडताना पत्रा त्याच्या खाचेत चढतो आणि पात्यासारखा गरगरतो. खाली लाकडी फळी आणि वर क्लॅम्प, हाच त्याला उपाय. लांब जॉब किंवा व्हाइसचा दांडा कॉलमच्या डाव्या अंगाला टेकलेला ठेवावा, कारण ड्रिल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि जॉब अडकला तर त्याचे डावे टोक कॉलमवर जाऊन थांबते, तुमच्या पोटावर येत नाही. हातमोजे, सैल बाह्या, मोकळे केस, गळ्यातली ओढणी किंवा मफलर यांपैकी काहीही अंगावर असताना मशीन सुरू करू नये.

८. भोक पाडणे

गोल कॉलमच्या मशीनमध्ये नवीन माणूस हमखास फसतो ती जागा इथे आहे. टेबल वर-खाली करताना ते कॉलमभोवती थोडेसे फिरतेच. सेंटर ड्रिल आखूड आणि खरे ड्रिल लांब असते, आणि मधेच जागा पुरेनाशी झाली म्हणून टेबल खाली घेतले की आधी केलेले केंद्र गेले. म्हणून जॉबवर केंद्र लावण्यापूर्वीच सर्वांत लांब ड्रिल चकमध्ये धरून उंची ठरवावी आणि आखूड ड्रिलच्या वेळी उरलेले अंतर क्विलच्या प्रवासाने भरून काढावे.

चकमध्ये टोकदार रॉड धरून, स्पिंडल बंद ठेवून, टोक पंचच्या खड्ड्यात उतरवावे. व्हाइस सैल असताना तो स्वतःच सरकून जागेवर येतो. मग क्विल खाली दाबून धरून व्हाइसचे बोल्ट आवळावेत आणि टोक वर घेऊन पुन्हा उतरवून पाहावे. त्यानंतर सेंटर ड्रिलने लहानसा खड्डा करावा आणि थांबून पाहावे. तो रेघांच्या मधोमध नसेल तर अजून उपाय आहे: ज्या बाजूला केंद्र सरकवायचे त्या बाजूच्या उतारावर गोल टोकाच्या छिन्नीने दोन-तीन चर मारावेत. पुढच्या वेळी ड्रिल त्या बाजूला ओढले जाते. ड्रिलचा पूर्ण व्यास आत गेल्यावर मात्र काही करता येत नाही.

मोठ्या भोकासाठी आधीचे ड्रिल मोठ्या ड्रिलच्या मधल्या आडव्या कडेएवढे असावे, त्याहून फार मोठे नको. खूप मोठे पायलट (आधीचे लहान भोक) पाडले तर मोठे ड्रिल फक्त कोपऱ्यांवर टेकते, थरथरते आणि भोक तीन कोपऱ्यांचे निघते. खोली व्यासाच्या तिपटीपलीकडे गेली की ड्रिल अधूनमधून पूर्ण बाहेर काढून चिप झाडावी, ब्रशने झाडावी, हाताने नव्हे. स्टीलला कटिंग ऑइल द्यावे आणि बीड कोरडेच पाडावे. ड्रिल खालून बाहेर पडण्याच्या बेतात आले की आवाज बदलतो. त्या क्षणी हँडलवरचा दाब निम्मा करावा.

टॅप मारायचा असेल तर एम ५ ला (५ मिमी व्यासाच्या आट्यांना) ४.२, एम ६ ला ५, एम ८ ला ६.८ आणि एम १० ला ८.५ मिमी ड्रिल धरावे. रिमर फिरवायचा असेल तर १० मिमीच्या भोकासाठी ९.७ किंवा ९.८ मिमी ड्रिल पुरते. रिमर भोक गुळगुळीत आणि मापात आणतो, पण तिरके भोक सरळ करत नाही. तो आधीच्याच मार्गाने जातो. आणि चकची चावी हातात असेपर्यंत स्विचकडे हात जाऊ देऊ नये. चावी चकमध्ये विसरून मशीन सुरू केले तर ती गोळीसारखी सुटते.

९. मशीन लागले की नाही, याची परीक्षा

सुमारे ४० मिमी जाड ठोकळ्यात, एका घासलेल्या कडेपासून ठरावीक अंतरावर १० मिमीचे भोक पाडून रिमर फिरवावा. कडेपासून भोकापर्यंतचे अंतर वरच्या आणि खालच्या तोंडाशी मोजावे. दोन्हींतला फरक म्हणजे त्या दिशेचा कल. ठोकळा ९० अंश फिरवून दुसरे भोक पाडले की दुसऱ्या दिशेचाही कल कळतो.

जागेची परीक्षा घ्यायची तर प्लेटवर ६० मिमी अंतरावर दोन केंद्रे आखून तशीच दोन भोके पाडावीत, दोन्हींत १० मिमीच्या पिना बसवाव्यात आणि बाहेरून बाहेर व्हर्नियर लावावा. माप ७० मिमी आले तर केंद्रांतले अंतर बरोबर ६० आहे. ७०.१५ आले तर चूक ०.१५ ची, आणि टेबल काटकोनात असल्याचे आधीच्या परीक्षेत दिसले असेल तर ती बहुधा मार्किंगची किंवा पंचची असते. हाच प्रयोग तीन वेळा करावा. चूक प्रत्येक वेळी एकाच दिशेला आणि तेवढीच येत असेल तर चकचा हेलकावा आणि ड्रिलची धार पुन्हा पाहावी. दर वेळी वेगळी येत असेल तर हात आणि डोळा.

टेबलाचे चार आकडे, शिमची जाडी, चकची खूण आणि नेहमीच्या ड्रिल्सना लागणारी बेल्टची जागा हे सगळे मी एका कार्डावर लिहून बेल्टच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे. मशीन बाकावरून हलवले, टेबल कलते करून परत आणले किंवा मोठे ड्रिल अडकून जोराचा झटका बसला तर चौथा टप्पा पुन्हा करावा लागतो. बाकीचे सहसा जागचे हलत नाही.